देवदाराचं अमृत

आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता आणि देवदाराखाली शंभरेक माणसं जिभा बाहेर काढून उभी होती. मधूनच एखादा बारीक थेंब पडे. ज्याच्या जिभेवर पडे तो ओरडे, "गोड! अगदी गोड!" मग मागचे पुढच्यांना ढकलत.

झाड निवृत्त पोस्टमास्तर काकांच्या अंगणातलं. काकूंनी आठ वर्षांपूर्वी शोभेसाठी लावलेलं, बांबूला बांधून छत्रीसारखं वळवलेलं. एका सकाळी रस्त्याने जाणाऱ्या एका गृहस्थाच्या टकलावर थेंब पडला. त्याने तो बोटाने पुसून चाटला आणि तिथेच बैठक मारली. आठवड्याभरात लोक त्याला झाडबाबा म्हणू लागले. मुक्काम काकांच्या गॅरेजमध्ये.

"नावातच सगळं आहे, मायबाप!" झाडबाबा सांगे. "देवदार! देवाचं दार! इतकी वर्षं बंद होतं, आता उघडलंय."

"बाबा, झाडाखालच्या खुर्च्या काळ्या का पडतायत?" एकीने विचारलं.

"तुमची पापं उतरतायत, ताई. पुसू नका, परत चिकटतील."

ज्यांना थेंब मिळत नसे त्यांच्यासाठी झाडबाबाकडे अमृताच्या बाटल्या होत्या. "ही गोडी साखरेची नाही, कृपेची. मधुमेहवाल्यांनी निर्धास्त प्यावी, दिवसाला तीन. आणि त्या सुया आधी फेकून द्या."

काकांना बारा वर्षांचा मधुमेह. त्यांनी इन्सुलिन बंद केलं. नवव्या दिवशी त्यांच्या पायाच्या अंगठ्यावरचा फोड काळपट दिसू लागला.

"अहो, एक तरी टोचून घ्या," काकू म्हणाल्या.

"तुझ्या झाडात देव आलाय आणि तू मला सुया टोचायला निघालीस?"

काकूंनी ज्या रोपवाटिकेतून झाड आणलं होतं तिथल्या बाईंना फोन लावला. त्या स्कूटरवरून आल्या. सोबत भिंग, फवारणीचा पंप आणि साबणाचं पाणी. आल्या आल्या त्यांनी बाबाचं प्रवचन अडवलं.

"देवाचं दार नाही हो. दारू."

गर्दीच्या माना एकदम वळल्या.

"दारू म्हणजे लाकूड. जुना शब्द आहे. देवदारू, देवाचं लाकूड."

"आधी सांगायचं ना!" मागून कोणीतरी म्हणालं. "दुप्पट गर्दी जमली असती!"

बाईंचं लक्ष खोडावरून वर चढणाऱ्या मुंग्यांच्या रांगेकडे होतं. "मी झाडाची डावी बाजू धुते," त्या म्हणाल्या. "देव असेल तर साबणाने जाणार नाही."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं बाबाला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी उजवीकडे थेंब पडत होते, डावीकडे खडखडाट.

"डावीकडच्यांची श्रद्धा कमी पडली," बाबाने निकाल दिला.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग उजवीकडचे श्रद्धाळू इकडे या आणि इकडचे तिकडे जा."

लोकांनी हसत जागा बदलल्या. श्रद्धाळूंच्या जिभा अर्धा तास कोरड्याच राहिल्या. आधी कमी पडलेल्यांना मात्र उजवीकडे जाताच प्रसाद मिळाला.

बाईंनी उजवीकडची एक डहाळी खाली ओढली आणि भिंग काकांच्या हातात दिलं. डहाळीला चिकटून करड्या रंगाचे शेकडो ठिपके बसले होते.

"हे हलतंय!" काका दचकले.

"मावा आहे. झाडावरची कीड."

"मावा? मग गोड लागणारच!" पुन्हा मागचाच आवाज.

"ही कीड झाडाचा रस पिते," बाई म्हणाल्या, "आणि जास्तीची साखर मागून बाहेर टाकते."

"मागून म्हणजे?" काकांनी विचारलं.

"मागून म्हणजे मागूनच, काका."

अंगणभर थू-थू झाली. खुर्च्यांवरचा काळा थर म्हणजे त्या चिकट थेंबांवर वाढलेली बुरशी, हेही बाईंनी सांगितलं. पण ते ऐकायला फार जण थांबले नाहीत. सगळे नळाकडे धावले होते.

"एक राहिलंच," काकू म्हणाल्या. "खाली ठेवलेल्या ताटात दिवसभरात चमचाभर जमतं. मग शंभर बाटल्या भरतात कशाने?" त्या गॅरेजमध्ये गेल्या आणि पातेलं उचलून घेऊन आल्या. आत साखरेचा पाक.

"ते... अमृताला विरजण लावलंय," बाबा म्हणाला.

विरजण लागायच्या आत तो फाटकाबाहेर होता.

काकूंनी काकांचं बोट टोचलं. यंत्रावर साखरेचा आकडा आला चारशे बावीस. तासाभरात ते दवाखान्यात होते. "आणखी चार दिवस गेले असते तर अंगठा कापावा लागला असता," डॉक्टर म्हणाले. अंगठा वाचला. जखम भरायला दोन महिने लागले.

पोस्टमास्तर काका मूर्ख नाहीत. रोजच्या सुयांना कंटाळलेला माणूस सुटका शोधतो आणि अशा बाबांना नेमकं तेच ठाऊक असतं. झाडातून पाणी गळालं तर जरूर बघायला जा. भिंग घेऊन जा, जागा बदलून बघा, शंका विचारा. पण कोणी औषध बंद करायला सांगितलं, तर तिथून सरळ डॉक्टरांकडे जा. इतके दिवस शंभर जिभा एकच गोष्ट ओरडून सांगत होत्या: गोड आहे. साखर आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. आपल्याच जिभेवर विश्वास ठेवायला कोणाची परवानगी हवी होती?