त्या शनिवारी वारा नव्हता

"साहेब, पिस्तुलाला लावायचा तो आधार हाताला बांधला तर पिस्तूल, खांद्याला टेकवला तर बंदूक. मग मी हनुवटीखाली धरला तर काय?"

अग्निशमन दलाचा हॉल हसून हसून कोसळायचाच बाकी राहिला. मैत्रिणींनी मिल्कशेकची पैज लावून डेल्फीला हा प्रश्न विचारायला उभं केलं होतं, आणि आता मागच्या बाकावर त्या एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. असा आधार लावलेलं पिस्तूल कधी बिनपरवाना बंदूक ठरतं, हा नवा नियम समजावायला राजधानीहून आलेले तरुण अधिकारी तेवढे हसले नाहीत. त्यांनी कपाळ चोळलं.

"ते परिस्थितीवर अवलंबून आहे."

"कुणाच्या? हनुवटीच्या?" म्हातारा होबार्ट ओरडला. पुन्हा हशा.

तेवढ्यात डेल्फीचे बाबा उठले. चारचौघांत उठून बोलणं हा त्यांचा स्वभाव नव्हे. शाळेचा बॉयलर सांभाळायचा, मुलं यायच्या आत वर्ग ऊबदार करायचे, आणि मुलं आली की तळघरात दिसेनासं व्हायचं, एवढंच त्यांना ठाऊक. फार पूर्वी लाकडाच्या गिरणीत करवतीनं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, आणि मनगटातला जोरही. तेव्हापासून पिस्तुलाच्या मागे तो रबरी आधार लावून, त्याचा पट्टा कोपराखाली आवळून ते नेम धरायचे.

"माझं सोपं आहे, साहेब. शनिवारी इथं नेमबाजीची स्पर्धा आहे, बक्षीस टर्की पक्ष्याचं. हा आधार बांधून उभा राहिलो तर मी गुन्हेगार का? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, झालं."

"मला इथं तसं सांगता येणार नाही."

"मग कुणाला येतं?"

"वर विचारावं लागेल."

"विचारलं होतं. आधी म्हणाले, चालतं. मग म्हणाले, नाही चालत. मग म्हणाले, नवा नियम येतोय, थांबा. थांबलो. तर तुम्ही आलात."

या वेळी कुणी हसलं नाही. डेल्फीला एकदम मिल्कशेक नकोसा झाला.

घरी आल्या आल्या बाबा शेडमध्ये गेले आणि आधार कापायला घेतला. दुबळ्या हातानं तो धरवेना, म्हणून डेल्फीनं धरला.

"अरे, थांब की जरा!" आई दारातून म्हणाली. "पुढच्या महिन्यात परत बदलतील."

"बदलू देत, नॉर्मा. गुन्हा ठरला तर नोकरी गेली, घरातल्या बंदुकाही गेल्या. रोज सकाळी उठून आज आपण चोर की साव, हे विचारायचा कंटाळा आलाय मला."

रबराचे तुकडे टपाटप खाली पडले. पट्टा तेवढा चिवट निघाला.

शनिवारी बाबा रांगेत उभे राहिले. इथला रिवाज पक्का: कशाला टेकायचं नाही, उभ्यानं एकच गोळी, जो खुणेच्या जवळ त्याची टर्की. बाबांनी आधाराशिवाय, एकाच हातानं पिस्तूल उचललं. नळी हळूहळू खाली झुकत गेली, वर आली, पुन्हा झुकली. गोळी निशाणाचा कागद लावलेल्या गवताच्या भाऱ्याखाली मातीत गेली.

होबार्टनं त्यांचा कोरा कागद आणला. उलटसुलट करून पाहिला.

"वारा रे, व्हर्लिन. वाऱ्यानं नेली."

हॉलवरचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता.

"हो, वाराच," रांगेतले सगळे म्हणाले. बाबांनी मान हलवली, पिस्तूल रिकामं करून पेटीत ठेवलं आणि कडी लावली.

पुढच्या आठवड्यात घेवडा आणि मक्याचा पाव घेऊन तिघं जेवायला बसले असताना रेडिओवर बातमी आली: कोर्टानं तो नियम स्थगित केला. आईचा चमचा हवेतच राहिला.

"लोणी सरकव इकडं," बाबा म्हणाले.

"नवा आधार आणू या का रे?" तिनं विचारलं.

"आणि पुढच्या वर्षी तोही कापायचा?"

बाबांनी पावाला लोणी लावलं. सगळीकडे, कडेपर्यंत, सावकाश.

"मी ठरवलंय," डेल्फी म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की दोघांनीही वर पाहिलं. "पुढच्या वर्षी मी रांगेत उभी राहणार. बाबा, तुमच्या शेजारी. आणि तुमच्यासारखीच, आधाराबिधाराशिवाय, एका हातानं."

"एका हातानं? काहीतरीच!" आई म्हणाली. "नेम कसा लागेल?"

"नाही लागला तर नाही. सांगेन, वारा होता."