कपाळावरचा गोल

दीप्तीच्या दोन भुवयांच्या मधोमध सहा मिलिमीटर रुंदीचा एक गोल होता, आजूबाजूच्या कातडीपेक्षा जरा फिकट. टिकलीच्या गोंदाने तिथला रंग उडालाय, असं त्वचेच्या डॉक्टरांनी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सांगितलं होतं. टिकली बंद केली तर हळूहळू भरून येईल, हेही.

घाटकोपरच्या कॉलेजातल्या छोट्या खोलीत टिकलीला मज्जावच होता. कुठला चेहरा लोकांना देखणा वाटतो आणि का, या संशोधनासाठी क्षमाताई आपल्याकडच्या चेहऱ्यांचे फोटो जमवत होत्या. परदेशी फोटो आयते मिळत, पण तसली माणसं आपल्याला भाजी घेताना भेटत नाहीत, असं त्या म्हणत. सगळे फोटो एकसारखे हवेत: मागे करडा पडदा, केस पट्ट्याखाली, कानागळ्यात काही नाही, हसू नाही. बघणाऱ्याने गुण द्यायचे ते फक्त चेहऱ्याला.

फोटो दीप्ती काढायची. उजेड रोज तेवढाच आहे ना, हे तपासायला सकाळचा पहिला फोटो तिचाच असायचा. शुक्रवारी क्षमाताई जानेवारीपासूनचे ते फोटो एकत्र लावून बसल्या होत्या.

"दिवा बदललास का गं मधे?"

"नाही. का?"

"गालांवरचा उजळपणाचा आकडा जागचा हललेला नाही. कपाळाच्या मध्यावरचा बघ." पडद्यावर एक रेघ होती. आधी सात आठवडे सपाट, मग उतरत गेलेली. "हा गोल बाकी कपाळापेक्षा चौदाने उजळ होता. आता तीनच उरलेत."

"म्हणजे दिवा ठीक आहे."

"दिवा झकास आहे, तुझं कपाळ पळतंय. लोकांना हलू नका म्हणून दटावणारी तूच ना?" क्षमाताई हसल्या. "चूक माझी. जिवंत माणूस मोजपट्टी म्हणून धरला. सोमवारपासून उजेड तपासायला करडं कार्ड ठेवू."

दीप्तीही हसली, पण तिची नजर रेघ जिथे वाकली होती तिथे होती. एकवीस फेब्रुवारी. त्या दिवशी ती दिंडोशीच्या सासरहून एक बॅग घेऊन मुलुंडला वडिलांकडे आली होती, चार दिवसांसाठी म्हणून. आता सप्टेंबर होता.

अण्णांनी अनेकदा विचारलं होतं, तिकडे झालं तरी काय? तिला सांगता आलं नव्हतं. कुणी हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. टिकली लावल्याशिवाय सकाळचा चहा मिळायचा नाही, इतकंच. खाज येते म्हटल्यावर सासूबाईंनी दुसऱ्या कंपनीचं पाकीट आणून दिलं. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तर नवरा, निहार, म्हणाला, एवढंसं तर आहे. नोकरी, माहेरचा फोन, झोपायची वेळ, सगळ्यांवर त्याचं तेच उत्तर. एवढंसं. त्यातलं एकेक सांगायला गेलं की तिला स्वतःलाच ते क्षुल्लक वाटे. म्हणून ती म्हणायची, बघू.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अण्णा गवार मोडत होते. तीही समोर बसली आणि शेंगांच्या शिरा काढू लागली.

"निहारच्या आईचा फोन होता," अण्णा म्हणाले. "रविवारी दोघं येतायत, तुला न्यायला. जेवायलाच या म्हणालो."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं की तू बघू म्हणतेस. सात महिने झाले, दीप्ती. खालच्या लेल्यांना मी किती वेळा सांगू, जावई दौऱ्यावर आहेत म्हणून? लोक म्हणतात, एवढा दौरा तर मंत्र्यालाही नसतो."

तिला हसू आलं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"तो डाग गेला वाटतं तुझा."

"थोडा आहे अजून. तीन उरलेत."

"तीन काय?"

तिने हातातली शेंग मोडून ताटात टाकली.

"अण्णा, त्यांना फोन करून सांगा, रविवारी येऊ नका. नाहीतर मीच सांगते. मी दिंडोशीला परत जाणार नाही."