नेकनूरच्या माळावरचं बीड

बीडच्या बाजारात आमचं मीठ-गुळाचं दुकान होतं. सासरे त्रिंबकशेट गादीवर बसायचे आणि सासूबाई, रुक्मिणीबाई, आतून सगळ्यावर नजर ठेवायच्या. मी नुकती लग्न होऊन आले होते. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून गाड्या यायच्या. ज्वारी, करडई, लोकर, तूप उतरायचं आणि जाताना मीठ, गूळ, कापड चढायचं. गल्लीच्या तोंडाशी पाणी भरायच्या कातड्याच्या पिशव्या, छागली, टांगलेल्या असायच्या. त्यांचा ओला वास अजून नाकात आहे.

नेकनूरचा धनगर म्हाळू घोंगड्या घेऊन यायचा. मामंजी त्याला ओट्याखाली उभं करून घोंगडी ओढून बघायचे.

"वीण सैल हाय बे, म्हाळू."

"न्हाई शेट, लई घट्ट हाय," तो म्हणायचा. हा वाद ठरलेलाच होता.

निजामाच्या अमलातली ती वर्षं; पटकीची साथ नुकतीच येऊन गेली होती. एका हिवाळ्यात घराघरांत उंदीर मरून पडू लागले. प्लेग आला होता. शहर रिकामं करा, अशी दवंडी फिरली. आम्ही दोन गाड्यांत माल आणि अंथरुणं भरली आणि नेकनूरची वाट धरली. तिथं मामंजींचं जुनं गिऱ्हाईक होतं. पण वेशीतच गावकऱ्यांनी हात जोडले.

"शेट, राग धरू नका. लेकराबाळांचं गाव हाय. शहराचं माणूस आत घेता येत न्हाई."

त्यांचंही खोटं नव्हतं. मामंजी गाडीच्या साटीला टेकून बसले. दिवस उतरत होता आणि वारं बोचायला लागलं होतं. तेवढ्यात डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेली एक उंच बाई समोर थांबली. ती म्हाळूची बायको, चतुराबाई.

"शेटाणी, कावून रस्त्यात बसलाव?"

सासूबाईंनी सांगितलं. तिनं भारा खाली टाकला.

"माळावर चला. आमचा वाडगा हाय तिथं."

म्हाळू मागून येत होता. तो चाचरला. "गाव बोलंल की गं."

"बोलू दे. ह्यांच्याच मिठावर आपली भाकर झाली ना?"

मेंढरांच्या वाडग्यापासून थोड्या अंतरावर कडब्याची खोपटं उभी राहिली. मामंजींनी गाडीच्या सावलीत तराजू टांगला. आधी धनगरच यायचे. मग नेकनूरकरांचंही मीठ संपलं. ते दूर बांधावर ज्वारी ठेवायचे, म्हाळू ती आणून मीठ पोचवायचा. आठवड्याभरात छागलवाला आला, तांबट आला, बांगड्या भरणारी वच्छलाबाई आली. बीडची आमची गल्लीच जणू माळावर येऊन वसली. संध्याकाळी चुली पेटल्या की मेंढरांच्या ओरडण्यात तांबटाची ठोकठोक मिसळायची. एवढं मोकळं आभाळ मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंचं सोवळं कडक. पण माळावर त्या चतुराबाईबरोबर चिंचोके दळायला बसू लागल्या. चिंचोक्याची खळ लावली की घोंगडी ताठ होते. दोघी जणी एकाच जात्यावर समोरासमोर बसायच्या. चतुराबाई ओवी म्हणायची आणि सासूबाई, ज्यांचं गाणं मी घरात कधी ऐकलं नव्हतं, तिचा सूर धरायच्या.

मग एका सकाळी चतुराबाई तापानं फणफणली. बातमी फुटली तशी खोपटं मोडायला लागली. तांबटानं बैल जुंपले. वच्छलाबाई निघाली. म्हाळू येऊन मामंजींच्या पुढं उभा राहिला.

"शेट, तुमीबी जा. लेकीसुना हायत."

मामंजी माझ्याकडं बघत राहिले. निघावं असंच मला वाटत होतं. तेवढ्यात सासूबाईंनी पदर खोचला, पेजेचं भांडं उचललं आणि सरळ चतुराबाईच्या खोपटात शिरल्या.

"अहो!" मामंजी ओरडले.

आतून आवाज आला, "गाठ न्हाई कुठं. अंगात हुडहुडी हाय. काढा करायला सांगा सूनबाईला."

तो हिवताप निघाला. सासूबाई चतुराबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसायच्या, चमच्यानं पेज पाजायच्या. मामंजींनी जुंपायला काढलेले बैल परत बांधले आणि तराजू परत टांगला. चतुराबाई उठून बाहेर उन्हात बसली तेव्हा गेलेली माणसं एकेक करून, खाली मान घालून परत आली. मामंजींनी त्यांना पूर्वीसारखंच मीठ तोलून दिलं.

पाडव्याच्या सुमाराला शहर पुन्हा भरलं आणि आम्ही निघालो. सासूबाई गाडीत पाठमोऱ्या बसून माळ दिसेनासा होईपर्यंत तिकडंच बघत होत्या.

पुढं बाजाराला म्हाळूबरोबर चतुराबाईही येऊ लागली. ती थेट आत, सासूबाईंजवळ जायची. मामंजी बाहेर घोंगडीची वीण सैल म्हणायचे, म्हाळू घट्ट म्हणायचा, पण आता दोघंही ओट्यावर बसून भांडायचे.

काही वर्षांनी परळीला रेल्वे आली. गिरणीची रंगीत ब्लँकेटं स्वस्त मिळायला लागली, तशी बाजारातली घोंगडीवाल्यांची रांग आखूड होत गेली. म्हाळूच्या मुलांनी माग मोडून शेती धरली. चतुराबाई मात्र विकायला काही नसलं तरी यायची. कधी मूठभर लोकर, कधी बोरं.

सासूबाई गेल्या तेव्हा निरोप पोचताच ती नेकनूरहून चालत आली. तेरावा होईपर्यंत हलली नाही. आमच्या सोवळ्याच्या घरात चुलीपुढं बसून तिनं सगळ्यांसाठी भाकरी थापल्या. आलेल्या पाहुण्यांपैकी कुणी विचारलं, "या कोण?"

मामंजी सासूबाईंच्या रिकाम्या पाटाकडं बघत म्हणाले, "हिची बहीण."