एका शेपटीचा किडा

मित्रांनो, मी एक जुना किडा आहे. जुना म्हणजे तीस कोटी वर्षांचा. महिना-दोन महिने इकडेतिकडे धरा. मला पंख नाहीत. शेपटी एकच, लांब, दोऱ्यासारखी. तुमच्या पुस्तकांत शिरणारी कसर माझी लांबची भाची लागते. तिला तीन शेपट्या आहेत. आमचं घराणं मात्र एका शेपटीवरच संपलं.

आमच्या वेळी चतुर, ते तळ्यावर भिरभिरणारे किडे, कावळ्याएवढे असत. एकाला मी नुसती शेपटी उगारून पळवला होता. खोटं वाटत असेल तर साक्षीदारांना विचारा. ते सगळे दगड झाले आहेत.

एकदा तळ्याकाठी चिखलात पाय रुतले. ‘निघू जरा वेळाने’ म्हटलं, आणि राहिलोच. चिखलाचा दगड झाला, माझाही झाला. पुढे कोणीतरी तो दगड फोडला, ‘वा!’ म्हणाला आणि मला संग्रहालयात आणलं. ती वाहवा आठवडाभर टिकली. मग चिठ्ठी चिकटली, ‘तुटका किडा, पंख गहाळ’, आणि चाळीस वर्षं मी खणात पडून राहिलो.

परवा खण उघडला. दगड साफ करणाऱ्या बाईंनी मला भिंगाखाली घेतलं. त्यांच्या हातात सुई होती आणि मागे साहेब उभे होते.

“खरवडा अजून. पंख खाली दबले असतील.”

सुई पाठीवरून शेपटीकडे सरकली. शेपटी गेली असती तर मी कोण, हे सांगणारं काहीच उरलं नसतं. ओरडायला तोंड होतं, पण तेही दगडाचं.

बाई थांबल्या. “साहेब, शेपटी जाईल.”

“जाऊ दे हो! पंख महत्त्वाचे. हरवलेत कुठेतरी.”

“हरवायला आधी असावे लागतात.” त्यांनी खुर्ची सोडली. “या, बसा. पाठीवर पंखांचे सांधे कुठे आहेत, तेवढे मला दाखवा.”

साहेबांनी चष्मा पुसला, भिंग पुसलं, शेवटी कपाळही पुसलं. मग वाकून नीट बघितलं आणि म्हणाले, “बाई, हा तर अख्खा आहे!”

“सकाळपासून दुसरं काय सांगतेय?”

आता मी काचेच्या पेटीत असतो. नवी चिठ्ठी बाईंच्या हातची आहे: ‘पंख नव्हतेच. शेपटी एक. किडा पूर्ण.’

मित्रांनो, बघायला जरूर या. कोणालाही तुटका म्हणण्याआधी वाकून नीट बघा. आणि काचेवर टकटक तेवढी करू नका. तीस कोटी वर्षांत माझं दार कोणी वाजवलेलं नाही. दचकलो तर दुसरी शेपटी आणू कुठून?