डाव्या बाजूचा गोंगाट

आमची नवी प्लेट बाजारात आली त्या दिवशी रेकॉर्डच्या दुकानदाराने मला मिठीच मारली. "शेवटी माणसांत आलात बाबा. आता नाचता येतं." मला काही कळेना. आमच्या प्लेटवर पूर्वीही नाचता यायचं, फक्त आधी डोकं बधिर करून घ्यावं लागायचं. पत्रा कापणारी करवत, बिघडलेले पंप, घासणारी लोखंडी दारं असले आवाज मी गोळा करतो आणि पार चिरडून डाव्या स्पीकरवर सोडतो. उजवीकडून ताईचा नाचाचा ठेका. दोन्ही एकदम अंगावर आले की ते आमचं संगीत. आई त्याला भांडण म्हणते.

दुकानदाराने प्लेट लावली. उजवीकडून ठेका आला. डावीकडे काहीच नाही. मी वायरी हलवून पाहिल्या, दुसरी प्लेट लावून पाहिली. ती दोन्ही बाजूंनी ठणठणीत वाजली. म्हणजे माझी वर्षभराची मेहनत आमच्या प्लेटवर चढलीच नव्हती.

छापण्याआधी कारखान्याने नमुना पाठवला होता. बाळ झोपलेलं म्हणून ताईने तो घरी हेडफोनवर ऐकला आणि ठीक आहे असं कळवून टाकलं. ताईच्या कानाबद्दल कोण शंका घेणार? रेडिओवर तिची नोकरीच रेकॉर्डिंग तपासण्याची. दुसऱ्या खोलीतली जांभईसुद्धा बेसूर असेल तर हिला कळते, असं भाऊजी म्हणतात. तेव्हा ही चूक नव्हे, तिने मुद्दाम केलं. गोंगाट कमी कर म्हणून ती किती दिवस माझ्या मागे लागली होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तसाच तरातरा तिच्या घरी गेलो.

ती टॉवेलच्या घड्या घालत होती.

"नमुन्यात डावी बाजूच नव्हती," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. चेहरा पांढराफटक पडला. मग म्हणाली, "हो. मीच काढायला सांगितली."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास? लोकांना आवडतंय ना, मग झालं तर."

इतका राग मला आजवर कुणाचाच आला नव्हता. मी लॅपटॉप उघडला, तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला. काय फेकून दिलंस ते एकदा ऐक तरी, म्हटलं, आणि फक्त माझी बाजू सुरू केली. पडद्यावरचा आवाजाचा पट्टा वरखाली उड्या मारायला लागला. पडदा माझ्याकडे होता. ताई नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसली.

"लाव ना मग," ती म्हणाली. "वाट कसली बघतोस?"

मी पट्ट्याकडे पाहिलं. आवाज चालूच होता. कार्यक्रमात ती माझ्या उजव्या हाताला उभी राहते, माझा स्पीकर थेट तिच्या डाव्या कानाशी. कमी कर, कमी कर म्हणायची, आणि मी हसून आणखी वाढवायचो.

मी आवाज बंद केला. "राहू दे. आता ऐकून काय उपयोग."

तिने हेडफोन काढून ठेवला. मला कळलंय हे तिला कळलं नव्हतं. दगाबाज ठरायला ती तयार होती, कान गेला म्हणायला नाही. तोंडावर बोललो असतो तर तिने हसण्यावारी नेलं असतं आणि पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तिथेच येऊन उभी राहिली असती. उजवा कान अजून शाबूत होता. मला भयंकर भीती वाटली.

"शनिवारी किती वाजता पोचायचं?" तिने विचारलं.

"शनिवारी नाही आणि नंतरही नाही. तुझ्याबरोबर मी यापुढे काम करणार नाही."

"एका प्लेटपायी?"

"हो. एका प्लेटपायी."

तिचे डोळे भरले. घडी घातलेलाच टॉवेल तिने पुन्हा उलगडला.

"तू इतका खुनशी निघशील असं वाटलं नव्हतं मला," ती म्हणाली.

मी तिचा तो समज तसाच राहू दिला.