लीलाबाईचा लाल तळहात

पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगात सकाळपासून एकही यंत्र फिरलं नव्हतं. सरकीच्या गोदामात सत्तर माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि रोग बाहेर पळू नये म्हणून लालपाणीबाबांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. बाबांचा चेला चिंधू भिंतीशी बसून खोकत होता. पण चेल्याच्या खोकल्याला रोग कसं म्हणायचं? ती भक्तीच असणार!

कामगारांत कुणाला तरी टीबी आहे, अशी आवई मुकादम रघुनाथरावानंच उठवली होती. बाबाही त्यानंच आणला. बाबा ज्याला दाखवतील त्याला आजच काढतो, असं मालक भैय्याजींनी सांगून टाकलं होतं आणि तेही समोरच खुर्ची टाकून बसले होते.

तो रोगी म्हणजे लीलाबाई. चार महिने ती सरकारी दवाखान्याच्या गोळ्या खात होती. डॉक्टरांनी थुंकी तपासून, आता हिच्यापासून कुणाला लागण नाही, असं लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी बंद पाकिटात घालून तिनं भैय्याजींसाठी मुकादमाजवळ दिली होती.

"बेटा, रोग तो चोर है! अन् माझं पाणी त्याचा कोतवाल!" बाबा गरजले. "हात धुवा, बिल्ला मुठीत धरा!"

सगळ्यांनी हात धुतले. हजेरीचे पत्र्याचे बिल्ले मुकादमानं स्वतः वाटले. मग बाबांनी एकेकाची मूठ उघडून पिवळं तीर्थ शिंपडलं. सगळे तळहात पिवळे झाले. लीलाबाईचा मात्र लालभडक.

"टीबी! डाव्या फुप्फुसात! चार महिने जुना!"

माणसं भराभर मागे सरकली. नऊ वर्षं तिच्या डब्यातली भाजी खाणाऱ्या देवकाबाईनं नाकाला पदर लावला. लीलाबाईला रडू कोसळलं. डोळे पुसता पुसता तिनं तळहात पाहिला. लाल डाग बिल्ल्याएवढाच गोल होता.

"देवका, हळदीच्या लुगड्याले साबण लावला का काय होते वं?"

"लाल होते."

"अन् चुना लावला का?"

"तरी लालच."

"मंग माह्या बिल्ल्याले चुना कोणं लावला?"

तिनं बाबांपुढचा तीर्थाचा लोटा उचलला आणि मुकादमाच्या हातांवर रिकामा केला. त्याची दोन बोटं लाल झाली.

"पाहा वं बायांनो! मुकादमालेही टीबी हाय! काढा यालेही!"

गोदाम हसण्यानं दणाणलं. बाबा पुटपुटले, "ये तो प्रसाद का रंग है..." कुणी ऐकलं नाही.

"भैय्याजी, डावं फुप्फुस अन् चार महिने फक्त माह्या चिठ्ठीत लिहून हाय. ते पाकीट तुमाले भेटलं काय?"

भैय्याजींनी पाकिटासाठी मुकादमासमोर हात पुढे केला. त्याच्या खिशातून फोडलेलं पाकीट निघालं. लीलाबाईच्या जागी त्याला मेहुणी लावायची होती. भैय्याजींनी चिठ्ठी वाचली, घडी घालून लीलाबाईला परत दिली आणि मुकादमाला फाटक दाखवलं.

"माहा रोग कोणाले सांगाचा, हे मी ठरवीन," ती म्हणाली आणि तिनं सगळ्या खिडक्या उघडल्या.

हळदीला चुना लागला की ती लाल होते. त्यात बाबा नाही आणि देवही नाही. क्षय थुंकीच्या तपासणीत कळतो, गोळ्यांनी बरा होतो आणि कोंदट जागेत खोकणाऱ्यापासून पसरतो. म्हणजे त्या सकाळी गोदामात रोगाची सोय कुणी केली असेल तर ती बाबानंच. एवढं समजायला शाळा लागत नाही, डोळे उघडे लागतात.

बाबा मागच्या दारानं पळाले, चेल्याला तिथंच टाकून. दुसऱ्या दिवशी लीलाबाई त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी चिंधूला आत बोलावलं, तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. तो बाहेर आला तेव्हा काय निघालं, हे तिनं विचारलं नाही.