इंजिनातली सवत

वर्कशॉपमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. अर्धी गल्ली आत, उरलेली खिडक्यांना लोंबकळलेली. मधोमध लोखंडी स्टँडवर ते इंजिन: भंगारातल्या ट्रकचा हवा कोंबणारा टर्बो, त्याला जोडलेली जाड नळकांड्याची भट्टी, शेजारी गॅसचा सिलिंडर. टर्नरनं आणि त्याच्या दुसऱ्या बायकोनं दोन वर्षं खपून बनवलेलं. लेथचं काम त्याचं, वेल्डिंग सगळं तिचं.

आता त्याच इंजिनापुढे ती गुडघ्यांवर होती आणि भुतं उतरवणारा साखळीबाबा साखळीनं तिची पाठ फोडत होता.

"बोल, जातेस की नाही?"

धाड्! धाड्! इंजिनानं बार काढले, मागून हातभर ज्वाला आली. लोक किंचाळत मागे सरकले. बाबानं वळून साखळी हाणली. खांद्याचं कातडं फाटलं आणि काय आश्चर्य, बार थांबले! इंजिन शहाण्या बाळासारखं शीळ घालू लागलं.

"बघा! मेलेली पहिली बायको बसलीये आत. मार हिला बसतो, लागतो तिला!"

भुताला वळ उठवायला जिवंत पाठ लागते, असं हे थोर शास्त्र! आणि माना डोलवायला अख्खी गल्ली हजर.

आठवड्यापूर्वी इंजिनानं असेच बार काढले होते. ज्वालेनं टर्नरचा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून सासूचं एकच पालुपद: "पहिलीचा तळतळाट आहे." बाबाला आणलं तिनंच. आणि केसाएवढा फरक राहिला तरी काम पुन्हा पहिल्यापासून करणारा नवरा आता पट्टीतला हात सांभाळत, खाली मान घालून उभा होता. साखळीपेक्षा तेच तिला जास्त झोंबत होतं.

पुढच्या फटक्याला ती तोंडावर आपटली. दात ओठात घुसला. गाल फरशीला, डोळे स्टँडखाली. उभ्या माणसांना दिसत नव्हतं ते तिला तिथून दिसलं. इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर जाळी होती आणि बाबाच्या शालीचं टोक त्या जाळीला चिकटलं होतं. तो मारायला वळला की टोक सुटायचं, बार बंद. जागेवर आला की चिकटायचं. धाड्!

अगं बाई! हवा कोंडतेय!

गेल्या आठवड्यात जागा होईना म्हणून तिनं आणि नवऱ्यानंच इंजिन सरकवून तोंड भिंतीपासून चार बोटांवर आणलं होतं. तेव्हाही हवाच कोंडली होती. आणि बाबानं आल्याआल्या काय केलं? "दिशा चुकलीये" म्हणत ते भिंतीपासून लांब ओढायला लावलं. मेल्याला सगळं ठाऊक होतं!

साखळी पुन्हा आली. तिनं ती दोन्ही हातांनी धरून हिसडा मारला. बाबा हनुवटीवर आपटला. तिनं त्याची शाल खेचली आणि जाळीवर धरली. धाड्! काढली. शीळ. पुन्हा धरली. धाड्!

"ही सवत आली," ती रक्त थुंकत ओरडली. "ही गेली! आली! गेली! अजून कुणाला भेटायचंय?"

तिनं गॅस बंद केला. "हवा कमी पडली की इंजिनाला धाप लागते. गॅस आत जळायचा तो मागून जळत बाहेर येतो. एवढंच आहे. यात ना भूत, ना मंत्र."

गर्दीला एकदम शहाणपण सुचलं. "हाणा भामट्याला!" दोघांनी बाबाची मानगूट धरली, एकानं साखळीला हात घातला. तिनं ती सोडली नाही.

"पोलिसांना बोलवा. मारून खरं बाहेर पडत असतं, तर मघाशीच पडलं असतं."

टर्नर चाचरत पुढे आला. "मला खरंच शाल दिसली नाही गं."

"शाल नाही दिसली, मान्य. माझं रक्त दिसत होतं ना?" ती म्हणाली. "मशीन बिघडलं तर मशीन खोलून बघायचं असतं. माणसाची पाठ सोलून नाही."

कुणी सोबत येतंय का ते न बघता ती एकटीच दवाखान्याकडे चालू लागली.